पळतं रानडुक्कर आणि न बसणारा दस्ता : एका रायफलीचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

दक्षिण जर्मनीत राहणाऱ्या एका मराठी माणसाच्या रायफलीची ही हकिकत. त्याला इथे समीर म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रायफल कोणत्या कंपनीची तेही सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. मचाणावर बसून उभ्या हरणावर नेम धरताना ज्या रायफलीने त्याला कधी दगा दिला नाही, तीच घेऊन तो हाक्याच्या शिकारीला गेला की गोळी मागे जायची, नाहीतर वरून जायची. सगळ्यांनी आधी सरावाकडे बोट दाखवलं. सराव कमी होता हे खरंच, पण बराचसा दोष दस्त्यात, म्हणजे रायफलीच्या खांद्याला लावायच्या भागात होता आणि तो कळेपर्यंत एक हिवाळा निघून गेला. तो ज्या क्लबात सरावाला येतो तिथे मी रेंजवर देखरेखीला असतो, म्हणून पुढचं बरंचसं डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

पार्श्वभूमी

समीर पश्चिम महाराष्ट्रातला. कॉलेजात एनसीसीमुळे .२२ ची रायफल हातात आली आणि मग दहा मीटर एअर रायफलचा नाद लागला. कोल्हापूरच्या बाजूला हा नाद नवा नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे ही नावं तिकडे घराघरांत आहेत. समीर त्या पातळीपर्यंत पोचला नाही, पण उभ्याने रायफल स्थिर धरायची तालीम त्याच्या अंगात पुरती मुरली होती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

स्पर्धेच्या रायफलीचा दस्ता एकाच कामासाठी घडवलेला असतो : रायफल हलू नये. मूठ जवळजवळ उभी, म्हणजे मनगट सैल आणि कोपर खाली. गाल टेकायचा भाग, म्हणजे चीकपीस उंच, त्यामुळे मान सरळ. दस्त्याचं मागचं टोक म्हणजे बट. त्यावरची बटप्लेट खांद्याच्या आकाराला वाकवलेली. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो आणि वजन सांगाड्यावर जातं. एकदा शरीर रचून झालं की माणूस श्वास सोडतो आणि मग हळूच ट्रिगर दाबतो. घाई कशाचीच नसते.

नोकरीनिमित्त जर्मनीत आल्यावर त्याने शिकारीची परीक्षा दिली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्याला हे जग परकं वाटतं. जर्मनीत शिकार परवान्यावर चालते. परीक्षेत कायदा, जनावरांची ओळख, मांसाची तपासणी, कुत्री, शस्त्रं आणि नेमबाजी असं सगळं येतं. मोठ्या जनावरासाठी काडतूस किती ताकदीचं हवं तेसुद्धा कायद्यात लिहिलेलं आहे : लहान रो हरणाला शंभर मीटरवर किमान १००० ज्यूल, आणि रानडुकरासारख्या जनावराला किमान ६.५ मिलिमीटरची गोळी व २००० ज्यूल.

परीक्षा झाल्यावर त्याने .३०८ मापाच्या काडतुसाची एक वापरलेली बोल्ट रायफल घेतली, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढून पुढचं काडतूस भरायची. दुकानात चार रायफली हाताळून पाहिल्या आणि थंबहोलची उचलली. थंबहोल म्हणजे ज्या दस्त्यात मुठीच्या वर आरपार भोक असतं आणि अंगठा त्यातून घालून मूठ धरायची असते. मूठ उभी, चीकपीस वर-खाली करता येणारं, वर ५६ मिलिमीटर काचेची बारा पटींपर्यंतची दुर्बीण. त्याला ती हातात घेताक्षणी ओळखीची वाटली. वाटणारच. स्पर्धेच्या रायफलीची ती चुलत बहीण होती. पहिलं वर्ष झकास गेलं. संध्याकाळी मचाणावर बसायचं, कठड्यावर रायफल टेकवायची, हरण थांबलं की बार काढायचा.

मग आली डुकरं. जर्मनीत रानडुकरं अमाप वाढलेली आहेत. एकेका हंगामात आठ लाखांच्या वर मारली गेल्याच्या नोंदी आहेत. त्यात आफ्रिकन स्वाइन फीव्हर सप्टेंबर २०२० मध्ये पूर्वेकडे ब्रँडेनबर्गात सापडला, २०२४ च्या जूनमध्ये हेसेनमध्ये आणि ऑगस्टमध्ये बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये पोचला. माणसाला त्याचा धोका नाही, पण पाळीव डुकरांचे गोठे त्यात रिकामे होतात. त्यामुळे रानडुकरांची संख्या आटोक्यात ठेवायचा दबाव वाढला. नोव्हेंबर ते जानेवारी मोठाले हाके निघतात आणि परवानेधारकांना आमंत्रणं येतात. समीरलाही आली.

अडचण

आपल्या जुन्या हाक्यात आणि इथल्या हाक्यात फार फरक नाही. हाकेकरी आणि कुत्री रान उठवतात, नेमबाज ठरलेल्या जागी थांबतात. ती जागा म्हणजे पुरुषभर उंचीचा लाकडी चौथरा, वर छप्पर नाही. उंची एवढ्यासाठी की गोळी खालच्या दिशेने जावी आणि चुकली तरी मातीत रुतावी. जागेवरून हलायचं नाही, कुठल्या कोनात बार काढायचा नाही ते आधीच दाखवलेलं असतं. अंगावर जाड लोकरी कोट आणि त्यावर भगव्या रंगाचं जाकीट. डुकरांत आधी पिल्लू टिपायचं. पिल्लं मागे असलेल्या मादीला हात लावायचा नाही. डुक्कर झाडीतून निघून वाट ओलांडून पुन्हा झाडीत शिरेपर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात.

अनुभवी मंडळींच्या सल्ल्याने समीरने हाक्यासाठी मोठी दुर्बीण उतरवली आणि बुटक्या माउंटवर, म्हणजे बैठकीवर, रेड डॉट बसवला. रेड डॉट ही काचेत लाल टिंब दाखवणारी साइट, ते टिंब जनावरावर धरायचं. सल्ला चांगलाच होता. बारा पटींच्या दुर्बिणीत तीस मीटरवरचं डुक्कर म्हणजे नुसते केस दिसतात. पण साइट खाली आली आणि चीकपीस होतं तिथेच राहिलं. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पहिल्या हाक्यात त्याने दोन बार काढले, दोन्ही डुकराच्या मागे मातीत. दुसऱ्यात एक गोळी पाठीवरून गेली. तिसऱ्यात लागली, आणि ती गोष्ट वाईट. डुकराचं एक वर्षाचं पोर, चाळीस मीटर, भरधाव. गोळी पोटात, बरगड्यांच्या मागे. जिथे लागली तिथे पालापाचोळ्यावर गडद रक्ताचे थोडे थेंब आणि पोटातली हिरवट घाण. अशा वेळी लगेच मागे धावायचं नसतं. जनावर जवळच कुठेतरी बसतं. माग लागला की उठून लांब जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी माग काढणारा कुत्रा आला आणि काटेरी झुडपात ते सापडलं. कुत्रेवाला म्हातारा समीरला फार बोलला नाही. त्याने फक्त विचारलं, "रायफल खांद्याला लावताना तुम्हाला ती दिसते का?"

समीरला हा प्रश्न तेव्हा कळला नाही. मलाही सांगितल्यावर लगेच कळला असं नाही.

कारण शोधताना

पहिला संशय अर्थात बार काढताना हात थांबण्यावर. हिशोब सोपा आहे. .३०८ ची गोळी नळीतून सेकंदाला साधारण आठशे मीटर वेगाने निघते. पन्नास मीटर जायला तिला सेकंदाचे सहा-सात शतांश लागतात. डुक्कर सेकंदाला आठ मीटर पळत असेल तर तेवढ्यात ते अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं. एवढं पुढे धरलं की झालं, असं वाटतं. पण माणसाने "आता" म्हटल्यापासून बोटाने ट्रिगर दाबला जाईपर्यंत आणखी दीड-दोन दशांश सेकंद जातात. त्या वेळात रायफल डुकराबरोबर फिरत राहिली तर काही बिघडत नाही. ती थांबली तर डुक्कर आणखी मीटर-दीड मीटर पुढे निघून जातं. एअर रायफलवाल्याच्या नसानसांत "दाबताना थांब" हेच भिनलेलं असतं. समीर प्रत्येक बाराला थांबत होता. गोळ्या मागे जाण्याचं कारण मिळालं.

वर का जात होत्या, ते यातून कळेना.

ते कळलं शूटिंग सिनेमात. हा जर्मनीतला मजेशीर प्रकार आहे : मोठ्या पडद्यावर जंगलाचं चित्रीकरण चालतं, डुकरं पळतात, माणूस खऱ्या गोळीने पडद्यावर मारतो आणि बार होताच चित्र थांबून भोक कुठे पडलं ते दाखवलं जातं. समीरला आम्ही सांगितलं की टिंब दिसल्याशिवाय बार काढायचा नाही. त्याबरोबर त्याचे निम्म्याहून जास्त बार निघेचनात. डुक्कर पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचायचं, रायफल खांद्याला असायची आणि हा टिंब शोधत असायचा.

रेड डॉटची एक खोड आहे. टिंब काचेवर चिकटलेलं नसतं. डोळा साइटच्या आसापेक्षा वर असला की ते काचेच्या वरच्या कडेकडे सरकतं. आणखी वर गेला की कडेपलीकडे नाहीसं होतं. दिसतंय तोवर ते काचेत कुठेही असो, गोळी जवळपास तिथेच जाते. म्हणून दुकानदार सांगतात की रेड डॉटला गाल कसाही टेकला तरी चालतो. चालतो, पण टिंब दिसलं तर. समीरचं चीकपीस उंच दुर्बिणीसाठी लावलेलं, साइट बुटकी, म्हणजे डोळा नेहमी वर. टिंब सापडलं नाही की तो मग घाईने नळीवरूनच अंदाजाने बार काढायचा. असा बार शॉटगनसारखा असतो : डोळा हीच मागची साइट. डोळा वर, गोळी वर. पाठीवरून गेलेल्या गोळीचं गूढ उकललं.

तिसरी गोष्ट त्याच्या बायकोने पकडली. कुत्रेवाल्याचा प्रश्न डोक्यात होता म्हणून समीर घरी आरशासमोर रायफल खांद्याला लावून बघत होता, अर्थात बोल्ट काढून. तिने सहज मोबाइलवर चित्रण केलं आणि म्हणाली, "अरे, ती आधी तुझ्या काखेत अडकतेय, मग वर येतेय." घरात तो टीशर्टवर करत होता तेव्हा असं होत नव्हतं. त्या दिवशी थंडी होती आणि त्याने कोट काढलेला नव्हता. चित्रण हळू करून बघितलं तर प्रत्येक वेळी रबरी बटपॅडची खालची कड कोटाच्या घडीत रुतत होती. मग तो खांदा थोडा मागे घेऊन ती सोडवायचा. तोवर बट खांद्याच्या खोबणीत न जाता दंडाच्या बाजूला टेकलेला असायचा.

कोट किती जागा खातो ते आपण मोजत नाही. ट्रिगरपासून बटच्या मध्यापर्यंतची लांबी ही दस्त्याची पहिली मापणी. समीरच्या रायफलीवर ती साडेछत्तीस सेंटिमीटर होती. समीर फार उंच नाही, हात बेताचे. टीशर्टवर ती जेमतेम चालली असती. लोकर, अस्तर आणि वर जाकीट घातल्यावर तिच्यात दीड-दोन सेंटिमीटरची भर पडल्यासारखी झाली.

पुढचे रस्ते

इथे निर्णयाचा पहिला टप्पा आला. पाच रस्ते होते आणि प्रत्येकाचा वकील क्लबात हजर होता.

एक म्हणे, सगळं सोड, नुसता सराव कर. यात तथ्य होतं, कारण हात थांबण्याची सवय कोणताही दस्ता घालवत नाही. पण चुकीच्या मापाच्या दस्त्यावर हजार वेळा सराव केला की शरीर चुकीची भरपाई शिकतं : मान दाबणं, खांदा पुढे सरकवणं. ती नंतर काढायला आणखी त्रास.

दुसरा रस्ता सर्वांत स्वस्त : दस्ता जसा आहे तसा ठेवायचा आणि रेड डॉट उंच माउंटवर चढवायचा, म्हणजे चीकपीसच्या उंचीला जुळेल. मला हा सुरुवातीला पटला होता. अडचण अशी की साइट नळीपासून जितकी वर, तितका जवळच्या अंतरावर गोळी आणि टिंब यांत फरक पडतो. हाक्यात दहा मीटरवरही डुक्कर येतं. तो फरक चार-पाच सेंटिमीटरचा, म्हणजे प्राणघातक नाही. पण काखेत अडकण्याचा प्रश्न त्याने सुटणारच नव्हता.

तिसरा : दस्ता कापून छोटा करायचा, चीकपीस खाली घ्यायचं. चौथा : हाक्यासाठी वेगळी रायफल, दांडी न फिरवता सरळ ओढायच्या बोल्टची. हा पर्याय दुकानदारांना फार आवडतो. पाचवा : दस्ता बनवणाऱ्या कारागिराकडून अक्रोडाचा नवा, मापाचा दस्ता. यासाठी हजारो युरो लागतात आणि कारागीर वेळ घेतो. पूर्वी लंडनचे बंदूकवाले गिऱ्हाइकाचं माप घ्यायला एक खास बंदूक ठेवायचे, तिच्या दस्त्याला सांधे असायचे आणि तो लांब, आखूड, वाकडा, सरळ करून माप उतरवून घेता यायचं. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थानिकांच्या दुनळी अशाच मापून आलेल्या. दोन ट्रिगरच्या दुनळीवर मूठ सरळ का ठेवायचे, तर पुढच्या ट्रिगरवरून मागच्यावर हात सरकायला अडथळा नको. म्हणजे मूठ कशी असावी हे बार कसा काढायचा त्यावर ठरतं, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती.

समीरने ठरवलं की आधी मोजायचं, मग जे पुन्हा पूर्ववत करता येईल तेवढंच बदलायचं. कापाकापी सर्वांत शेवटी. हा निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो, कारण नंतर कापायची गरजच पडली नाही.

काय केलं

माप घ्यायची पद्धत साधी आहे आणि कुणीही घरी करू शकतं. बोल्ट काढायचा, नळीत काडतूस नसल्याची खात्री करायची, शिकारीचा कोट चढवायचा. समोर भिंतीवर एक खूण पाहायची, डोळे मिटायचे, रायफल कमरेपासून वर आणून खांद्याला लावायची आणि गाल नैसर्गिकपणे टेकला की डोळे उघडायचे. मान हलवायची नाही. तेव्हा टिंब कुठे आहे ते बघायचं. समीरला पहिल्यांदा टिंब दिसलंच नाही. मान दाबल्यावर दिसलं. चीकपीस खाली घेत घेत तो अशा जागी आला की डोळे उघडताच टिंब काचेच्या मधोमध. जवळपास एक सेंटिमीटर उतरावं लागलं.

लांबीसाठी जाड रबरी पॅड काढून पातळ लावला. साडेछत्तीसवरून साडेचौतीसवर आलो. पातळ पॅडच्या कडासुद्धा कोटाला धरत होत्या. यावर बाजारात गुळगुळीत कडांचे पॅड मिळतात. समीरने ते येईपर्यंत पॅडच्या वरच्या आणि खालच्या कडेवर काळी इन्सुलेशन टेप लावली. टेप अजून तिथेच आहे, पॅड आला तरी. वीजकामवाल्याच्या टेपने जेवढं काम केलं तेवढं दुसऱ्या कशानेच केलं नाही असं तो म्हणतो. मला यात थोडी अतिशयोक्ती वाटते, पण रायफल कोटावरून सरसर वर येऊ लागली हे खरं.

दुसरा टप्पा होता थंबहोलचा. इथे मतं तापली. जुन्या शिकाऱ्यांचं म्हणणं, थंबहोल हाक्याला निरुपयोगी. समीरचं म्हणणं, मूठ त्याला आवडते आणि रायफल स्थिर राहते. वाद घालण्यापेक्षा ताडून बघायचं ठरलं. क्लबातल्या एकाकडे त्याच मॉडेलची, साध्या मुठीची रायफल होती. तिच्यावर त्याच जातीचा रेड डॉट चढवला, लांबी जुळवली आणि सिनेमात दोन्ही आलटून पालटून मारल्या.

पहिल्या बारात काहीच फरक पडला नाही. जुन्या शिकाऱ्यांची तोंडं पडली. फरक दुसऱ्या बारात दिसला. थंबहोलवर बोल्ट ओढायला अंगठा भोकातून काढावा लागतो आणि पुन्हा घालावा लागतो. प्रत्येक वेळी मूठ नव्याने धरली जाते, थोडी वेगळी. साध्या मुठीवर हात बोल्टवरून सरळ मुठीवर पडतो. त्यामुळे थंबहोलवरचा दुसरा बार उशिरा जायचा, आणि घाई केली की मागे जायचा. शिवाय उभ्या मुठीवर उजवा कोपर खाली लोंबतो. कोपर जरा वर, बाजूला धरला की खांद्यात बट बसायला खोबण तयार होते. तिरकस मुठीवर ते आपोआप होतं.

दुसरा बार म्हणजे चैन असं वाटेल. तसं नाही. पहिली गोळी नीट बसली नसेल तर दुसरी त्वरित बसणं म्हणजे जनावराची तडफड काही सेकंदांत संपणं. पोटात गोळी लागलेल्या त्या डुकरावर दुसरा बार निघाला नव्हता, अंगठा भोकात अडकला होता. हे समीरने तोवर सांगितलेलं नव्हतं.

थंबहोल सोडायचं ठरलं. नवा दस्ता घ्यायला त्याची तयारी नव्हती आणि बायकोचीही नव्हती. त्याच मॉडेलचा लाकडी, वापरलेला, साध्या मुठीचा दस्ता शोधला. असे दोन मिळाले. एकाची गाल टेकायची कड मागे, बटकडे उतरती; दुसऱ्याची उलट, पुढे नळीकडे उतरती. दिसायला पहिला देखणा. पण धक्क्याने रायफल मागे येते. कड मागे उतरती असेल तर गालाखाली उंच भाग सरकतो आणि गालावर थाप बसते. पुढे उतरती असेल तर कड गालापासून दूर जाते. ज्याच्या गालावर एकदा थाप बसली तो पुढच्या वेळी बार काढण्याआधीच डोळा मिटतो. दुसरा घेतला. त्याचं चीकपीस पक्कं होतं, खाली-वर होणारं नव्हतं. सुदैवाने ते रेड डॉटला जमत होतं.

उरला हात थांबण्याचा प्रश्न. त्यावर जो सराव ठरला तो धावत्या लक्ष्याच्या स्पर्धेतून घेतला. हा खेळ ऑलिंपिकमध्ये १९७२ ते १९८८ पन्नास मीटरवर, धावत्या डुकराच्या चित्रावर होता, आणि १९९२ ते २००४ दहा मीटरवर. दहा मीटरच्या स्पर्धेत दोन मीटरच्या फटीतून लक्ष्य सावकाश धावलं तर पाच सेकंदांत पार होतं आणि वेगाने धावलं तर अडीच सेकंदांत. मुख्य नियम असा की लक्ष्य दिसेपर्यंत बट कमरेपाशीच ठेवायची. म्हणजे खांद्याला लावणं हाच परीक्षेचा भाग. समीरने घरी रोज रिकाम्या रायफलीने, छत आणि भिंत जिथे मिळतात त्या रेषेवरून टिंब या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत न्यायला सुरुवात केली. अट एकच : ट्रिगर दाबल्यावर टिंब पुढच्या कोपऱ्यापर्यंत गेलंच पाहिजे. आधी पायांनी, मग कमरेने फिरायचं, हातांनी नाही. एअर रायफलवाल्याला कंबर फिरवायला शिकवणं म्हणजे भरतनाट्यमवाल्याला लेझीम शिकवण्यासारखं होतं. ताल होता, पण पाय जमिनीतून सुटेनात.

परिणाम

पुढच्या हंगामाआधी सिनेमात त्याच्या गोळ्या डुकराच्या पुढच्या भागात बसू लागल्या. सगळ्या नाही. डावीकडून उजवीकडे धावणाऱ्यावर तो अजून कमजोर आहे. उजव्या हाताच्या माणसाला त्या बाजूला फिरणं अवघडच जातं.

हाक्यात पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर डुकरांचा कळप आला आणि त्याने बार काढला नाही. पुढे मादी होती, पिल्लं तिच्या पोटाला चिकटून पळत होती, आणि अंतर जास्त. दुसऱ्या हाक्यात तीस मीटरवर एकटं पोर आलं. बार झाला तसं ते मागच्या पायांवर बसलं आणि तिथेच पडलं. गोळी खांद्याच्या मागे, मध्यावर. दुसरी काढली होती, लागली नसती तरी चाललं असतं. त्या हंगामात माग काढणाऱ्या कुत्र्याला त्याच्यामुळे बाहेर पडावं लागलं नाही.

एक नुकसान झालं. नव्या दस्त्यावर मोठी दुर्बीण चढवली की गाल हवेत. मचाणावर पूर्वी जी गोळी जशी बसायची तशी आता बसत नाही. त्यावर त्याने जुना थंबहोल दस्ता ठेवून दिला आणि उन्हाळ्यात तो चढवतो, हिवाळ्यात लाकडी. दोन्ही वेळा शून्य जुळवून, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी जाईल अशी साइट लावून घ्यावी लागते, आणि रायफलचे स्क्रू ठरलेल्या ताकदीने आवळावे लागतात. थोडा जाच आहे. दोन रायफली घेणारे याला हसतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, रेड डॉट बसवला त्याच दिवशी चीकपीस जुळवायला हवं होतं. साइट बदलली की डोळ्याची जागा बदलते, आणि डोळ्याची जागा चीकपीस ठरवतं. दोन मिनिटांचं काम होतं. चीकपीस वर-खाली होणारं असूनही कुणी हात लावला नाही, कारण उन्हाळ्यात ते "बरोबर" होतं.

रायफल विकत घेताना समीरने ती दुकानात उभं राहून, शर्टवर, समोरच्या भिंतीवर स्थिर धरून पारखली. त्याऐवजी कमरेपासून खांद्याला लावून पारखली असती, डोळे मिटून, जाड जॅकेटवर, तर लांबीचा प्रश्न तिथेच दिसला असता. पण त्या वेळी त्याला हाक्याला जायचं आहे हे त्यालाच माहीत नव्हतं, हेही ध्यानात घ्यायला हवं.

थंबहोलबद्दल मी अजून पूर्ण निर्णयाला आलेलो नाही. सरळ ओढायच्या बोल्टवर, सरावलेल्या हातात थंबहोल वाईट चालत नाही. तसे लोक मी पाहिले आहेत. समीरच्या हातात आणि त्याच्या बोल्टवर ते चालत नव्हतं. ताडून बघण्याच्या वेळी पहिल्या बारावर थांबलो असतो तर आम्ही "काही फरक नाही" म्हणून घरी गेलो असतो. दुसरा बार मारून बघायची कल्पना एका तरुण मुलीची, ती अजून परीक्षेची तयारी करत होती.

आणि क्रम. पहिला हंगाम सिनेमा न करता थेट हाक्यात उतरणं परवानगीच्या दृष्टीने चालणारं होतं. त्याच्याकडे रेंजवरच्या सरावाचा दाखला होता. पण तो सराव उभ्या लक्ष्यावरचा होता. समीरने ते आमंत्रण एक वर्ष पुढे ढकललं असतं तर ते पोर रात्रभर काटेरी झुडपात पडून राहिलं नसतं. आता क्लबात नव्या माणसाला हाक्याचं आमंत्रण आलं की समीर आधी त्याला कोट घालून सिनेमात घेऊन जातो, आणि पॅडच्या कडेवर टेप लावून देतो.